फळीवरची कोरडी जागा

१

काशीराम काय बोलतो ते मला नको सांगू, मुश्ताक. भिकाजीनं मारून मारून माज्या बहिनीचं भ्या घालवलं, असंच बोलतो ना? वरंधला नाक्यावर बसून चार मानसांत बोलतो? मग त्याला जाऊन सांग, हात उचलायचा असता तर पयल्या दिवशी ती होडीत वकली तवाच उचलला असता. नाय उचलला. माजं तोंड वाईट हाय, मला राग लवकर येतो, ह्या महाडच्या बाजारात मी दोघा-तिघांच्या गचांड्या धरल्यात, तू सोडवल्यास. ते सगळं खरं. पन बायकोला, मंजुळाला, बोट नाय लावलं. तिच्यापुढं माजा आवाज सुदिक चढत नाय, लोक हसतात त्याच्यावर.

तो काय बोलतो, आमची पोर पान्याला भ्यायची, आता तिला पान्यावरनं उठवत नाय, ह्या मानसानं तिला काय तरी केलं.

केलं. काय केलं तेच सांगतो. तू चा पी, मधी बोलू नको.

आज सकाळी माजा पेंढा तुज्या ट्रकात चढला तवा तूच बोललास, भिकाजी, तुजी होडी रिकामी झाली तरी वर कशी येत नाय रे. हसत बोललास. पन बोललास. ते दुसऱ्या कुनाच्या नजरंत आलं नाय, नायतर आलं आन गप बसले. म्हनून तुला सांगतो. काशीरामला नाय सांगनार, तो माजं ऐकायच्या आधी काठी शोधंल.

२

वरंधला पानी म्हंजे काय, तुला ठाव हाय. रोज तिथनंच जातोस घाट चढून. पावसात डोंगरावरनं धो धो येतं आन उन्हाळ्यात व्हाळ उडी मारून वलांडता येतो. तिथली पोर ती. आमच्या वाडीला खाडी दाराशी लागते. लगीन होऊन आली तवा भरतीचं पानी अंगनाच्या खाली चढताना बघून घरात गेली आन दार लावून बसली. बोलली, हे पानी उलटं कसं वाहतं.

पयली सालं चाललं तसंच. माजा भाऊ धोंडू होडीवर व्हता. मी सुकानूला, तो पुढं शिडाच्या दोराला. मंजुळा बाजाराला यायची ती डोंगरानं, पायी, अर्धा दिस घालवून. आनीबानी उठली त्या सुमारास धोंडू मुंबईला गोदीत लागला आन मी एकटा रायलो. शिडाची होडी एकट्यानं हाकता येते, पन पेंढा भरल्यावर नाय. वारा आडवा आला की शीड ह्या अंगाचं त्या अंगाला जातं, तवा पुढच्या फळीवरच्या मानसानं बी ढुंगन सरकवून वाऱ्याच्या बाजूला जायचं. वजन गेलं नाय तर होडी कलते, पेंढा पान्यात. दुसरं मानूस पायजेच. दुसरं मानूस घरात व्हतं.

मी तिला जबरी नाय केली. आधी ओहोटीला, होडी चिखलात बसलेली असायची तवा, तिला फळीवर बसवून तांदूळ निवडायला लावले. हलत नाय, डुलत नाय, नुसती लाकडाची पेटी. मग पानी यायला लागलं तरी उठायचं नाय, सूप मांडीवर. मग दोर बांधलेला ठेवून, मी काठीनं होडी जरा आत ढकलायचो. ती डोलकाठीला दोनी हातांनी मिठी मारायची आन डोळे मिटायची. मी सांगायचो, मंजुळा, बूड फळीला चिकटव. नजर लांब ठेव, डोंगराकडं बघ, पान्यात बघू नको. होडी कलली तर तू कलू नको, तिला कलू दे, ती परत येते. हेच. रोज. पोराला झोपवताना बोलतात तसं. वाडीतले बोलायचे, भिकाजी बायकोला पाळन्यात घालून झोके देतोय.

हळूहळू डोळे उघडले तिनं. मग डोलकाठी सोडून फळी धरली. पन शीड फिरलं की थिजायची. सरक गो, सरक, मी बोलायचो, आन ती दगडासारखी. होडी कलायची, पानी आत यायचं, ती रडायची.

तवा माज्या डोक्यात आलं, हिला काम दिलं पायजे. हात रिकामे म्हनून भ्या शिरतं. खाडीवर आमची रीत हाय, महाडला जाताना वाटंत धक्के लागतात तिथं होडी जरा थांबवायची आन हाक घालायची, कोन हाय काय? कुनाला बाजाराला यायचं असलं तर येऊन बसतो. ती हाक मी तिला दिली. बोललो, पोटातनं वरड, आवाजासंगं भ्या भायेर पडतं.

पयल्यांदा आवाज फुटंना. मग फुटला. आन तिच्या मायेरची सवय, दारात मानूस आलं की या, बसा बोलायचं, ती त्या हाकंला जोडली. कोन हाय काय? या, बसा. धक्क्यावरची मानसं हसायची, पन चढायची. एक म्हातारी बोलली, भिकाजी, तुज्या होडीत आता घरच्यावानी वाटतं. मंजुळा लाजली. त्या दिशी शीड फिरल्यावर पयल्यांदा आपन हून सरकली. मला काय वाटलं सांगू तुला. मला वाटलं, झालं आपलं काम.

३

आमची वाडी आन दासगाव, त्याच्या मधी एक जुना धक्का हाय. तू बघितला नसशील, रस्त्यावरनं दिसत नाय. दगडी पायऱ्या पान्यातनं वर येतात आन निवडुंगात जातात. पुढं वाट नाय, घर नाय. एक करंज वाकलेला हाय पान्यावर. तिथं हाक घालायची नाय.

ते मी तिला सांगितलं नव्हतं. कोन सांगतो? मला तरी कुठं कुनी सांगितलं? माजा बाप तिथं गप राहायचा, म्हनून मी गप राहायचो. त्याचा बाप राहायचा म्हनून तो. ह्या गोष्टी बोलून शिकवत नाय कुनी. खाडीवर वाढलेल्याला शिकवाव्या लागत नाय. ती खाडीवर वाढलेली नव्हती.

दुपारची येळ, ऊन लख्ख. मी मागं खाली वाकून सुकानूची रशी आवळत व्हतो. तिला पायऱ्या दिसल्या. तिला वाटलं धक्का हाय. तिनं हाक घातली.

कोन हाय काय? या, बसा.

मी मान वर केली. शिवी तोंडात आली व्हती. पन मीच तिला शिकवलेलं, हाक घातली की जरा दम धरायचा, येनाऱ्याला पायऱ्या उतरायला येळ लागतो. तिनं दम धरला. शीड ढिलं सोडलं, मी सांगितलेलं तसं. होडी पायऱ्यांच्या अंगाला गेली.

मग होडीचं नाक खाली गेलं. कसं सांगू? मानूस धक्क्यावरनं होडीत येतो तवा आधी एक पाय टाकतो, होडी दबते, मग दुसरा टाकतो, अजून दबते. तसं. आधी थोडं, मग अजून. आन फळी वाजली. त्या पुढच्या फळीचा खिळा सैल हाय, कोन बसलं की कर्र करते, कोन उठलं की परत करते. मंजुळा बसलेलीच व्हती. तरी कर्र झालं.

आन मंजुळा सरकली. यष्टीत बाईमानूस दुसऱ्याला जागा देतं तशी, पदर गोळा करून.

मी मागं बघितलं. वाटलं वाळूची लाँच गेली असंल, तिची लाट लागली असंल. खाडी सरळ, रिकामी. लाँच नाय, लाट नाय. मी बोललो, सरकलीस का? ती बोलली, तुमीच बोलला ना, कोन बसलं की जागा द्यायची.

म्या ते डोक्यातनं काढून टाकलं. पान्याखालनं कधी कधी उसळी येते, खडकाजवळ येते. तिथं खडक हाय. असं मी त्या दिशी सोताला सांगितलं.

४

त्याच्या पुढं तिचं भ्या गेलं. एका दिसात. हे काशीरामला कळलं, ते असं. शिमग्याला मायेरी गेली तर तिसऱ्या दिशी परत निघाली, होडी सोडून करमत नाय बोलली. त्याला वाटलं मी धाकात ठेवलीय.

मला सुरवातीला आनंद झाला, खोटं नाय बोलत. वारा आडवा आला तरी ती शांत. शीड फिरायचं आन होडी कलायचीच नाय. पेंढा भरलेला असू दे, हालायची नाय. मी बढाई मारली तुज्यापुढं, आठवतं? माजी बायको धोंडूच्या वरताण झाली बोललो.

मग एक दिस मी नीट बघितलं. शीड फिरलं. फळी कर्र वाजली. होडी सरळ झाली. आन मग मंजुळा सरकली.

आधी होडी सरळ झाली. मग ती सरकली. एकदा नाय, दर खेपंला. तिच्या आधी कोन तरी सरकत व्हतं.

म्हटलं, लाकूड पानी प्यालं. होडी जुनी हाय, बापाची. जड झाली असंल, म्हनून कलत नाय. रिकामी असताना बी तिचं अंग पान्यात जास्त बसायला लागलं व्हतं, ते मला दिसत व्हतं. मी होडी वर वढून घेतली. उलटी केली. फटी खरवडल्या, कापूस ठासला, डांबर लावलं. लाकूड ठोकून बघितलं, खनखनीत. परत पान्यात सोडली तर पिंपळाच्या पानावानी तरंगली. मी हसलो एकटाच.

मग मंजुळा येऊन बसली आन होडी खाली गेली. पेंढा भरल्यावर जिथपर्यंत जाते तिथपर्यंत. मंजुळा म्हंजे मूठभर हाडं, मुश्ताक. तू बघितलीयस तिला.

५

श्रावणात बारीक पाऊस असतो, ऊन आन पाऊस संगट. त्या पावसात मी बघितलं.

आमी महाडला येत व्हतो. सगळी होडी भिजलेली. शीड, दोर, पेंढ्यावरचं फडकं, मंजुळाचं घोंगडं. पुढची फळी काळी झालेली पान्यानं. पन मंजुळाच्या बाजूला फळीवर कोरडी जागा. मानूस बसतं तेवढीच. लाकडाचा पांढरा रंग दिसत व्हता. पाऊस पडत व्हता आन तिथं पडत नव्हता.

मी शीड फिरवलं. मुद्दाम. वाऱ्याची गरज नव्हती. फळी वाजली. मंजुळा सरकली. कोरडी जागा ह्या अंगाची त्या अंगाला गेलेली. पयल्या जागंवर पाऊस पडायला लागला, थेंब थेंब, आन ती बी काळी झाली.

मी वरडनार व्हतो. वरडलो नाय, कारन ती काय तरी बोलत व्हती. हळू. माज्याशी नाय. मान त्या बाजूला वळवलेली. वारा मागं माज्याकडं यायचा म्हनून मला ऐकू आलं.

"बूड फळीला चिकटवा. नजर लांब ठेवा, डोंगराकडं बघा. पान्यात बघू नका. होडी कलली तर तुमी कलू नका, ती परत येते."

माजं बोलनं. मी तिला बोललेलं, शब्दाला शब्द. माज्याच सारखं, झोपवताना बोलतात तसं.

घरी आल्यावर विचारलं. राग नाय केला. चुलीपाशी बसली व्हती, भाकरी थापत. कोन हाय गो ते, बोललो. तिनं भाकरी तव्यावर टाकली, पानी फिरवलं, मग बोलली की त्याला पान्याचं लई भ्या वाटतं. माज्यापरास जास्त. थरथरतो. त्याचा हात धरला की मला माजं भ्या आठवतच नाय.

कोन हाय ते मात्र नाय बोलली. मला वाटतं तिला ठाव नाय. आलेल्याला कोन म्हनून विचारायचं नाय, आधी बसवायचं, अशी रीत तिच्या घरात. मी विचारलं, त्याला उतरायचं कुठं हाय? प्रत्येकाला उतरायचं असतंच कुठं तरी. ती बोलली, विचारलं मी. माज्यासंगं, बोलला.

६

मग मी तिला होडीवर न्यायचं बंद केलं. सुंदराबाई म्हनून शेजारीन हाय आमची, खाडीवरच जन्मलेली, खाडीवरच पिकलेली. तिला विचारलं जुन्या धक्क्यावर कोन राहायचं. ती सुपारी कातरत व्हती. कातरायची थांबली. तिथं हाक नाय घालीत बाबा, एवढंच बोलली आन आडकित्ता खाली ठेवून आत गेली. मला बस सुदिक नाय बोलली.

मंजुळा घरात राहायची, पन घरात नसायची. आमची पडवी खाडीच्या अंगाला. मी जेवत असायचो आन खालनं आवाज यायचा, कर्र. होडी बांधलेली. रिकामी. कर्र. मंजुळाचं तोंड उजळायचं. भात वाढता वाढता तिकडं बघायची, पाळन्यातलं पोर चाळवलं की आई बघते तसं. बोलायची, एकटा हाय तो, पानी चढतंय, भ्यायला असंल.

मी बोललो, उद्या कुऱ्हाड घालतो त्या होडीला. मी कुऱ्हाड नाय घातली. होडी फोडली तर त्याला बसायला कुठली जागा राहते? आमची पडवी राहते. हे माज्या डोक्यात आलं आन मी कुऱ्हाड परत छपरात खोवली.

परवा दुपारी मी रानातनं आलो तर घर उघडं. खाली धावलो. दोर सोडलेला, शीड अर्धं चढवलेलं, ती पुढच्या फळीवर. वारा कुठनं घ्यायचा ते मीच शिकवलंय तिला. आता ती एकटी जाऊ शकते, मुश्ताक. हे माजं काम. पानी काठाच्या खाली दोन बोटं. एक मानूस बसलेल्या होडीत.

मी पान्यात उतरून होडी धरली. कुठं चाललीस, बोललो.

"जुन्या धक्क्यावर. त्याची मानसं रायलीत तिथं," ती बोलली. "सगळी भितात वो. पायरीवर उभी राहतात आन पान्याकडं बघून परत जातात. मी बोलावलं तर येतील. तुमी मला शिकवलं तसं मी शिकवीन त्यांना."

दोन बोटं, मुश्ताक. अजून एक बसला की पानी आत.

मी चढलो तिला उचलायला. फळी भिजलेली व्हती आन ती जागा कोरडी. तोल सावरायला मी हात टेकला, त्या जागंवर टेकला.

मला धरलं. इथं, मनगटाला. दाबून नाय, मारायला नाय. मंजुळा पयल्या दिवसांत डोलकाठीला धरायची तसं धरलं. भ्यालेलं मानूस धरतं तसं, सगळ्या जिवानिशी. आन थरथरत व्हतं. मी वढत व्हतो आन ते सोडत नव्हतं. मंजुळा वाकून त्या जागंवर बोलली, सोडा, ते घरचेच हायत, वरडतात पन वाईट नायत. मग सोडलं.

हे मनगटाला फडकं बांधलंय ते दोरानं कापलं म्हनून नाय. सोडून दाखवनार नाय तुला.

७

आता ऐक. ती आत्ता खाली धक्क्यावर हाय, होडीत. आज मी तिला संगं आनली, घरात एकटी ठेवली असती तर भरतीबरोबर गेली असती जुन्या धक्क्यावर. मी इथं तुज्यापुढं बसलोय तोवर ती बसून राहील. येताना अंधारात तो धक्का तिला दिसला नाय, पन मी परत जायला निघालो की उजेडात तो वाटंत येनार आन ती हाक घालनार. तिचं तोंड मी दाबू शकत नाय. मी तिला हात नाय लावत, सांगितलं ना.

तिला पान्यापासनं लांब न्यायला पायजे. वरंधला, तिच्या आयशीकडं, जिथं पानी उडी मारून वलांडता येतं. यष्टीनं नाय पाठवनार. यष्टीत कंडक्टर घंटा मारायच्या आधी वरडतो, कोन रायलंय काय, बसा बसा. मला ते नको.

तू ने. तुजी गाडी पेंढा घेऊन घाटानंच चाललीय. काशीरामच्या दारात उतरव. त्याला काय बोलायचं ते बोलू दे माज्याबद्दल, तू गप राहा. मारलं बोल. भिकाजीनं मारलं, म्हनून आनली, बोल. मग तो तिला परत पाठवनार नाय. तेच पायजे मला.

मी खाली जाऊन तिला बोलीन, आयशीला बरं नाय. ती उठंल. ती उठली की फळी वाजंल. तू काठावर उभा राहून कान देऊन ऐक. एकदा वाजली तर बरं झालं. दुसऱ्यांदा वाजली तर तोंडातनं शब्द काढू नको, मागं बघू नको, तिला घेऊन सरळ चालू लाग. केबिनमधी तिला मधी बसव. एका अंगाला तू, दुसऱ्या अंगाला तुजा क्लीनर. त्याला सांग, मांडीला मांडी लावून बस, लाज धरू नको. बोटभर जागा ठेवायची नाय. कुवेतवरनं तुज्या भावानं आनलेली ती टेप लाव, मोठ्यानं, म्हंजे ती काय बोलली तरी क्लीनरला कळायचं नाय. घाटात कुनी हात केला तर थांबायचं नाय. आन निघताना कुनाला बसा म्हनायचं नाय.

चा राहू दे. उठ. गाडी चालू कर.